एक वॉटचा रेझिस्टर

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, नजर लख्ख झाली आणि नेमका तेव्हाच हात थरथरायला लागला. देवाचा हिशेब हा असा. सोल्डरिंग आयर्न धरायला गेलो की टोक चारी दिशांना नाचायचं. जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड दोनदा जाळलं, तिसऱ्या वेळी स्वतःचा अंगठा. तेव्हा माझ्या सुनेनं आयर्न माझ्या हातातून काढून घेतलं आणि माळ्यावर टाकलं.

ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. फटकळ आहे, मीही आहे, म्हणून आमचं जमतं. “बाबा, जाळपोळ पुरे,” असं म्हणून तिनं तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. त्यात एक प्रोग्राम होता. माउसनं पडद्यावर सर्किट काढायचं, प्रत्येक पार्टचा आकडा भरायचा आणि एक बटण दाबायचं. कुठे किती व्होल्ट, कुठून किती प्रवाह, सगळं तो सांगणार.

“म्हणजे कागदावर वाजवायचं,” मी म्हटलं.

“काय वाजवायचं?”

“काही नाही. आमच्या मास्तरांचा शब्द.”

पहिला आठवडा माझा नुसता चडफडण्यात गेला. बॅटरी काढली, बल्बच्या जागी एक रेझिस्टर काढला, बटण दाबलं. यंत्र म्हणतं, ग्राउंड कुठाय? अरे, दोन तारांच्या सर्किटला कसलं ग्राउंड? पण नाही, ते चिन्ह काढल्याशिवाय हे शहाणं हलायलाच तयार नाही. मग दहा लाख ओहमचा रेझिस्टर घातला, जन्मभर लिहीत आलो तसा कॅपिटल एम लिहिला, तर या गाढवानं तो एका ओहमचा हजारावा भाग धरला. तासभर मी चूक शोधतोय! सून ओट्यापाशी भाजी चिरता चिरता हसत होती. “मेग लिहा, मेग. माझी पहिल्या वर्षाची पोरं हेच करतात.” आयुष्यभर रेडिओ आणि लाउडस्पीकर यांत घालवलेल्या माणसाला पहिल्या वर्षाच्या पोरांत बसवलं बाईनं.

पण सांगतो, मग गोडी लागली. हात थरथरला तरी पडद्यावरची रेघ सरळच येते. एका रविवारी ती म्हणाली, “आता उदाहरणं पुरे. तुम्हाला तोंडपाठ असेल असं एखादं सर्किट काढा बघू.”

तोंडपाठ सर्किटं मला पन्नास तरी असतील. त्यातलं कुठलंही काढता आलं असतं. पण हात गेला तो मी साठ वर्षांत एकदाही न काढलेल्या एका अँप्लिफायरकडे. एकूण एक आकडा आठवला. तो आठवतो याचीच मला पहिल्यांदा लाज वाटली.

मी मूळचा गिरगावचा. आमचं घराणं मुंबईतलं जुनं, प्रभूंचं. आजोबांच्या काळी वाडीत चार घरं आमची होती, वडिलांच्या काळी भाड्याचा एक मजला उरला होता, पण तोरा चारही घरांचा होता. मॅट्रिकला मला मार्क चांगले पडले, तरी रेडिओचं वेड असं की कॉलेज सोडून मी दादरला एका मास्तरांच्या क्लासात नाव घातलं. खाली पिठाची गिरणी, वर आमचा क्लास. गिरणी सुरू झाली की टेबलावरचे स्क्रू थरथरत कडेला जायचे.

मास्तरांचा एकच नियम होता, आधी कागदावर वाजवा, मग टेबलावर. सर्किट काढायचं, हिशेबाची स्लाइडरूल घेऊन बसायचं आणि प्रत्येक जोडाशी किती व्होल्ट येणार ते पेन्सिलीनं लिहायचं. ते तपासल्याशिवाय कोणाला कपाटातून पार्ट मिळत नसे. आणि कामाला दोघं दोघं लावायचे, एक कागदाचा, एक हाताचा. मी अर्थातच कागदाचा.

हाताचा होता तो लालबागचा. वडील कापडगिरणीत, मूळ गाव मालवणकडचं, एका खोलीत सहा माणसं. इंग्रजी वाचताना अडखळायचा, पण त्याचा सोल्डरचा डाख असा बसायचा की मास्तर दुसऱ्यांना बोलावून दाखवत. मी त्याला “काय रे लालबाग” म्हणायचो, तो मला “बोला सरकार” म्हणायचा. येताना माझ्यासाठी खिशातून आंबोशीचे, वाळवलेल्या कैरीचे, तुकडे आणायचा आणि मी ते आवडीनं खायचो. दोस्ती होती हो आमची. नव्हती असं आता उगाच म्हणून काय उपयोग.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. भिंत दिसली की “झालाच पाहिजे”. लालबाग-परळात तर पोरं झोपेतसुद्धा घोषणा द्यायची. त्याच्या चाळीपुढच्या मैदानात मोठी सभा ठरली आणि ऐन वेळी लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्यानं कच खाल्ली. पोलीस सामान उचलून नेतील, म्हणाला. चाळीची कमिटी हवालदिल झाली. तेव्हा माझा हा दोस्त उठून त्यांना म्हणाला, “आम्ही बनवतो.” मला विचारलंसुद्धा नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा, त्यानं अख्ख्या चाळीला शब्द दिला. मला नंतर येऊन म्हणाला, “सरकार, शब्द मी दिलाय, इज्जत माझी जाईल, पण डोकं तुझं लागंल.”

मास्तरांनी पार्ट दिले, ट्रान्सफॉर्मर दिला, सभेला स्वतः यायचंही कबूल केलं. मी तीन दिवस कागदावर बसलो. सर्किटच्या शेवटी आवाज मोठा करणारे दोन मोठे काचेचे व्हॉल्व्ह आणि त्या दोघांच्या पायाशी मिळून एक रेझिस्टर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रेझिस्टरचे आकडे दोन. एक ओहमचा, म्हणजे तो प्रवाहाला किती अडवतो. दुसरा वॉटचा, म्हणजे किती उष्णता सोसतो. ओहम कागदावर लिहायचे. वॉट आम्ही कधी लिहीतच नसू. हाताचा माणूस कपाटापाशी उभा राहून ओरडायचा, “वॉट किती?” आणि कागदाचा माणूस बसल्या जागेवरून सांगायचा. सगळ्या क्लासात तीच रीत होती. कागद तपासताना मास्तर ओहम आणि व्होल्ट बघायचे, वॉट तोंडचे.

त्यानं विचारलं, “पायाचा रेझिस्टर, वॉट किती?”

मी मान वर न करता म्हटलं, “एक.”

तो कपाटापाशीच थांबला. “एक? त्याच्यावर दोन व्हॉल्व्ह उभे आहेत ना रे?”

त्यानं विचारलं होतं. हे मी साठ वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. त्यानं अगदी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी एका व्हॉल्व्हचा प्रवाह धरून हिशेब केला होता आणि रेझिस्टरमधून जाणार होता दोघांचा. पाव मिनिटात चूक दिसली असती. पण ज्याला इंग्रजी धड वाचता येत नाही, तो मला हिशेब विचारणार? मी म्हटलं, “हिशेब मी केलाय. तू जोड.”

“जशी आज्ञा सरकार,” तो म्हणाला आणि हसला. क्लासात तेव्हा आम्ही दोघंच होतो.

टेबलावर तो अँप्लिफायर छान वाजला. क्लासात आवाज लहानच ठेवला होता, खाली गिरणीवाला ओरडायचा म्हणून. मास्तरांनी माझी पाठ थोपटली.

सभेच्या संध्याकाळी मैदान फुललं होतं. बाया गॅलऱ्यांतून दाटीवाटीनं उभ्या, पोरं कठड्यांवर, पलीकडच्या कोपऱ्यावर पोलिसांची गाडी. दोन कर्णे चाळीच्या दोन टोकांना बांधलेले. त्याचा धाकटा भाऊ, चौदा-पंधरा वर्षांचा, छातीवर बिल्ला लावून सगळ्यांना सांगत होता, “माझ्या भावानं बनवलंय!” आई गॅलरीतून बघत होती. आवाज पूर्ण सोडला आणि काय सांगू, छाती भरून आली. शब्द परळपर्यंत जात असतील.

अर्धा तास झाला असेल. बोलणारे गृहस्थ रंगात आले होते. मला आधी वास आला, मग आवाज घोगरा झाला आणि मग काहीच नाही. बोलणाऱ्याचे ओठ हलतायत, शब्द पहिल्या चार रांगांच्या पुढे जात नाहीत. मागून गलका सुरू झाला. कोणी म्हणालं, वायर कापली. कोणी म्हणालं, पोलिसांनी बंद पाडलं. त्या दिवसांत साधा दिवा गेला तरी लोकांना त्यात डाव दिसायचा.

मी अँप्लिफायरची पेटी उलटी केली. पायाचा रेझिस्टर काळा ठिक्कर पडून मधोमध फाटला होता. बघताक्षणी मला कळलं. “दोन व्हॉल्व्ह उभे आहेत ना रे” हे शब्द कानात वाजले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं.

मास्तर पुढच्या रांगेतून उठून आले. त्यांच्यामागे कमिटीची माणसं, त्यांच्यामागे गर्दी. मास्तरांनी वाकून बघितलं. “हा एक वॉटचा आहे. इथे एक? कोणी सांगितलं एक?”

मी म्हटलं, “मी दोन सांगितला होता, सर.”

एवढंच. चार-पाच शब्द. कोणी माझ्या मानेवर सुरा ठेवला नव्हता. विचार करून बोललो असतो तर निदान पाप केलं असं तरी म्हणता आलं असतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी प्रभूंच्या घरचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मॅट्रिकला मार्क मिळवलेला मुलगा, माझ्याकडून हिशेब चुकतो हे चारचौघांत मला सहनच झालं नसतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. त्याला वाटलं असावं, मी घाबरून चुकीचं बोललो, आता सुधारीन. तो थांबला. मी पेटीत डोकं घालून उगाच एक स्क्रू पिळत राहिलो. मग तो म्हणाला, “नाय सर. यानं एक सांगितलेला. मी विचारलं पण होतं.”

“खोटं,” मी म्हटलं. दुसऱ्यांदा बोललो ते मात्र विचार करून.

मास्तर दोन मुलांच्या शब्दांपैकी कुठला खरा ते ठरवत असावेत. पण गर्दीला ठरवायला वेळ लागत नाही. कोणीतरी ओरडलं, “मुद्दाम केलं! फितूर!” तो शब्द एकदा सुटला आणि मग कोण थांबवणार? गॅलऱ्यांपर्यंत पोचला. त्याची कॉलर धरली, कोणी ढकललं. शेवटी कमिटीच्या म्हाताऱ्यांनी मध्ये पडून त्याला बाजूला काढलं. तो खोलीकडे गेला, तर लोकांनी त्याला वाट करून दिली. अंगाला अंग लागू नये म्हणून सरकले.

मी काय केलं? मी पेटी उचलली, ट्रामनं घरी आलो आणि आईला सांगितलं, सभा छान झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गिरगावला आला. मी खिडकीतून त्याला वाडीत शिरताना पाहिलं आणि बहिणीला म्हटलं, “मी घरी नाही म्हणून सांग.” तिनं सांगितलं. मी आतल्या खोलीत दाराआड उभा. तो तिला म्हणाला, “ताई, त्याला म्हणावं, मास्तरांना फक्त खरं काय ते सांग. चाळीत मी बघून घेईन. आईला लोक नळावर पाणी भरू देत नायत.” बहीण आत आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “काय रे, काय केलंस तू?” मी तिच्यावर खेकसलो.

तो पुन्हा क्लासात आला नाही. मास्तरांनी वर्षाअखेरीस एका रेडिओ कारखान्यात माझी शिफारस केली. संयुक्त महाराष्ट्र झाला, त्या दिवशी गिरगावात दिवे लागले, पेढे वाटले, मी नाचलो. खोटं कशाला बोलू, नाचलो.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं हा माणूस झोपला कसा? अहो, मस्त झोपलो. माणसाचं मन सबबी पुरवण्यात फार तरबेज असतं. मी स्वतःला सांगत आलो की त्या काळचे रेझिस्टर रद्दीच होते, दोन वॉटचा असता तरी जळलाच असता. शंका होती तर त्यानं गुपचूप दोनचा लावायचा. डाखच कच्चा असेल एखादे वेळी. या सबबींपैकी एकही मी कधी हिशेब करून तपासली नाही. कागदावर वाजवा म्हणून शिकलेला माणूस मी, पण तेवढं एक सर्किट पुन्हा कागदावर वाजवलं नाही. लालबागवरून बसनं शेकडो वेळा गेलो असेन. दर वेळी डोळे पेपरात.

आणि त्या रविवारी ते सर्किट सुनेच्या लॅपटॉपवर माझ्यापुढे होतं. व्हॉल्व्हची माहिती तिनं कुठून तरी उतरवून दिली. बटण दाबलं. सून माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. “प्रत्येक पार्टमध्ये किती वॉट जिरतात तेही दिसतं, बरं का,” ती म्हणाली आणि माझा हात धरून माउस नेमका त्या रेझिस्टरवर नेला. तिला काय ठाऊक! आवाज लहान असताना एकाच्या किंचित वर. आवाज पूर्ण सोडला तसा दोनच्याही पुढे. पडद्यावर धूर नाही, वास नाही. तो रेझिस्टर दोन वॉट पीत आरामात बसला होता, कारण त्या यंत्रात कोणी जळत नाही. ना रेझिस्टर रद्दी होता, ना डाख कच्चा, माझा आकडाच चुकला होता; सगळ्या सबबी एका रेषेत निकालात निघाल्या.

“बाबा, हा खराखुरा असता तर दोन वॉटचासुद्धा पुरला नसता,” ती म्हणाली. “तुम्ही केवढ्याचा लावला होता?”

“एकाचा.”

“एक? कोणी लावला एक?”

आणि मी, ऐंशी वर्षांचा म्हातारा, जेवणाच्या टेबलाशी, जिथे ना गर्दी ना मास्तर, पटकन म्हणालो, “जोडणारा एक होता. त्यानं लावला.”

मला विचारही करावा लागला नाही. जीभ साठ वर्षांपूर्वीच्याच टाळ्याला लागली.

“फारच छान उदाहरण आहे,” सून म्हणाली. “उद्या पोरांना दाखवते. डिझाइन बरोबर असून जोडणाऱ्याच्या एका चुकीनं काय होतं ते.” तिनं फाइल स्वतःकडे पाठवूनही दिली.

मी जेवलो नाही. पोट बरं नाही म्हटलं. उद्या साठ मुलं माझ्या दोस्ताच्या चुकीला हसणार होती. त्यांच्या वह्यांत ती जाणार, पुढल्या वर्षीच्या मुलांना पुन्हा दाखवली जाणार. त्याला मी आणखी एका मैदानात उभा करत होतो. सकाळी ती पर्स खांद्याला लावून निघाली, तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो.

“ते दाखवू नकोस. डिझाइन बरोबर नव्हतं. एक मी सांगितला होता. तो विचारत होता, दोन व्हॉल्व्ह आहेत ना म्हणून. मी खोटं बोललो.” मग उरलेलंही सांगितलं. फितूरपर्यंत, नळापर्यंत, दाराआडपर्यंत. तिचं पहिलं लेक्चर बुडालं.

तिनं खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली. मग विचारलं, “ते आता कुठे असतात?”

“माहीत नाही.”

“तुम्ही कधी विचारलंच नाहीत? लालबाग इथून अर्ध्या तासावर आहे, बाबा.”

ती चपला घालता घालता म्हणाली, “मी सोबत येणार नाही. तुमचं तुम्ही जा.” आवाज कोरडा होता. माझ्याशी तशी ती कधी बोलली नव्हती, आणि मला ते लागलं, कारण ती बरोबर होती.

गेलो. आजूबाजूला टॉवर उठलेत, पण चाळ अजून तग धरून होती, भिंतीला टेकू लावलेले. दुसरा मजला, जिन्यापासून तिसरी खोली. चालताना मनात वाक्यं जुळवत होतो. तू मला मार, शिव्या दे, असं काहीबाही. तो दार उघडेल आणि “बोला सरकार” म्हणेल अशीही एक नालायक आशा होती.

दार त्याच्या धाकट्या भावानं उघडलं. तोही आता सत्तरीच्या पलीकडे, पण कपाळ तेच. “कोण पायजे?”

मी दोस्ताचं नाव घेतलं.

“तो नाय. गावाला वारला, बारा वर्षं झाली. तुम्ही कोण?”

मी माझं नाव सांगितलं. मला वाटलं, दार तोंडावर आपटेल. पण त्याचा चेहराच उजळला. “तुम्ही? अहो, या ना आत, या!” त्यानं खुर्ची पुढे केली, पंखा माझ्याकडे वळवला, आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. “आमच्या माणसानं तुमचं वाटोळं केलं हो तेव्हा. एवढं चांगलं मशीन तुमचं. आम्हाला तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि तुम्ही एका शब्दानं कधी आम्हाला बोलला नाय.”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते असं असतं. तिथेच, त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. पण चहा आला. मी तो घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा प्यायलो. मग कप खाली ठेवला आणि सांगितलं.

मी थांबल्यावर त्यानं पंखा बंद केला. मला वाटतं, मी बोललो ते त्याला पुन्हा एकदा मनात नीट ऐकायचं होतं.

“त्यानं पण हेच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “आईला पटलं. मला नाय पटलं. पोरं मला मोर्चात घेईनात, फितुराचा भाऊ म्हणून. मग मी खाली चौकात उभा राहून बोललो, तो माझा भाऊ नाय. तेव्हा घेतलं. तो वर गॅलरीत होता. ऐकत होता.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

“मग तो गावाला गेला. बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा. लग्न केलं, मला बोलावलं, मी गेलो नाय. वारला तेव्हा फोन आला. गाडी पकडली असती तर सकाळला पोचलो असतो. बायको म्हणाली, जा. मी म्हटलं, फितुराला खांदा कशाला देऊ.” तो भिंतीकडे बघत होता. “तुमच्या शब्दावर, हां. गिरगावचा शिकलेला माणूस कशाला खोटं बोलंल, म्हणून.”

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता.

“वहिनी आहे अजून गावाला,” शेवटी तो म्हणाला. “तिला सांगायला पायजे.”

“मी जातो,” मी म्हटलं. “उद्याच निघतो. पत्ता द्या.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यापुढच्या रिकाम्या कपाकडे.

“तुम्ही नको,” तो म्हणाला. “ती गरीब बाई आहे. दारात आलात तर आधी चहा देईल. आणि तुम्ही तो पिऊन मग बोलाल.”

मी उठलो. चपला घातल्या, वाकून नमस्कार केला. पत्ता त्यानं दिला नाही.